३०८ मध्ये हरणासाठी गोळी कोणती? दोन भोकं पाडणारी

प्रश्न असा आहे: "मी सोलापूरचा. नोव्हेंबरात भावाकडे टेक्सासला जातोय. त्याच्याकडे ३०८ रायफल (गोळीची जाडी ०.३०८ इंच) आहे, रानमालकाची परवानगी आहे. व्हाइटटेल हरीण जागेवर पडावं आणि पळालंच तर माग निघावा, अशी गोळी कोणती?"

आपल्या गावात माग म्हटलं की यंत्रमाग. रक्ताचा माग विचारणारा सोलापूरकर पहिल्यांदाच बघितला, म्हणून लिहायला बसलो. दुसरं कारण माझा मावसभाऊ. ते पुढे येईलच.

जागेवर पडणं आणि माग निघणं, या दोन वेगळ्या मागण्या आहेत. जी गोळी आत शिरताच फुटून चुरा होते ती बरोबर बसली तर हरीण धाडकन पाडते, पण पलीकडून बाहेर येत नाही. जी अखंड राहते ती आरपार जाते, हरीण ५०-१०० यार्ड पळतं आणि जाताना रक्त सांडत जातं. मी दुसरी घ्यायला सांगतो. नेम बरोबर लागला तर सगळ्याच गोळ्या चांगल्या असतात. गोळी निवडायची ती आपला नेम चार बोटं चुकेल त्या दिवसासाठी.

मी टेक्सासात लानो भागात हरणं सोलून मांस करून देणाऱ्या दुकानात चार हंगाम काम केलंय. शिकारी बाहेरचं भोक बघतो, आम्ही कातड्याच्या आतली बाजू बघायचो. तेव्हा जे सांगतोय ते आतल्या बाजूचं.

मावसभावाचं म्हणणं आजही हेच: "गोळी आत राहिली की सगळी ताकद जनावरात राहते. आरपार गेली ती झाडाला लागली, वाया गेली." ऐकायला पटतं. त्याची रायफल २४३, गोळी ९५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), पातळ जॅकेटची (जॅकेट म्हणजे शिशावरचं तांब्याचं आवरण), प्लास्टिकच्या टोकाची. कंपनी सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. ती गोळी आडव्या उभ्या हरणाच्या फासळ्यांसाठी चांगली आहे. याचं हरीण आडवं नव्हतं, तोंड याच्याकडे करून तिरकं उभं होतं. अंतर ७० यार्ड. बार फऱ्याच्या, म्हणजे पुढच्या खांद्याच्या हाडावर, सांध्याच्या जरा वर बसला. हरीण गुडघ्यावर आलं, उठलं आणि सीडरच्या झाडीत गेलं. जागेवर केसांचे दोन झुपके, ४० पावलांपर्यंत मोहरीएवढे थेंब, पुढे काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या काठाला सापडलं, तोवर कोयोटींनी (तिकडच्या रानकोल्ह्यांनी) मागून निम्मं खाल्लेलं. दुकानात आलं ते शिंगांसाठी.

कातडं मी सोडवलं. आत शिरायचं भोक करंगळी जाईल एवढं. फऱ्याखाली तळहाताएवढा खड्डा, हाडाचा भुगा, त्यात शिशाचे कण चांदीच्या वर्खासारखे. जॅकेट उलटं होऊन पहिल्या फासळीपाशी अडकलेलं. सगळ्यात मोठा तुकडा बंदुकीची दारू मोजायच्या काट्यावर ठेवला तर ३१ ग्रेन, म्हणजे गोळीचा तिसरा हिस्सा. एका फुप्फुसाला कपच्या लागून ते फाटलं होतं आणि छातीच्या पोकळीत गोठलेलं रक्त ओंजळी-ओंजळीनं निघालं. रक्ताची कमी नव्हती, त्याला बाहेर यायला वाट नव्हती. एकच भोक, तेही उंचावर. पळताना कातडं सरकतं, चरबीचा बोळा भोकात बसतो, आणि छाती रांजणासारखी आतून भरत राहते. रांजण कुठल्याही उंचीला भरो, गळतो तो खालच्या भोकातूनच.

म्हणून म्हणतो, दोन भोकं हवीत आणि बाहेर पडणारं भोक खाली हवं. झाडावर किंवा उंच मचाणावर बसला असाल तर हे आपोआप होतं, गोळी वरून शिरून खालून निघते. जमिनीवरून मारणार असाल तर छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात नेम धरा.

आता ३०८ साठी. सराफकट्ट्याच्या हिशेबात सांगतो: १५ ग्रेनचा १ मासा, १८० ग्रेन म्हणजे बरोबर १ तोळा. तुम्हाला १० किंवा ११ मासे पुरेत, म्हणजे १५० किंवा १६५ ग्रेन. तिकडचा नर ५०-६० किलोच्या आसपास भरतो, त्याला तोळाभर गोळी लागत नाही. वजनापेक्षा बांधणी बघा.

पहिली पसंती बॉन्डेड, म्हणजे जॅकेटला शिसं चिकटवलेली. फेडरलची फ्यूजन, नॉस्लरची अ‍ॅक्युबॉन्ड या जातीच्या. हाडावर बसली तरी शिसं जॅकेट सोडत नाही, गोळी फुलते आणि फुललेलीच पुढे जाते. नॉस्लर पार्टिशनही तितकीच भरवशाची. १९४६ साली कॅनडात जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या मूसच्या (तिकडच्या प्रचंड हरणाच्या) अंगावरच फुटल्या, आत गेल्या नाहीत. त्यातून मधोमध आडवी भिंत ठेवलेली ही गोळी जन्मली, १९४८ पासून विकली जाते. पुढचा भाग फुलून झिजतो, भिंतीमागचा भाग आरपार जातो. मावसभावाचा वाद खरं तर तेव्हाच निकालात निघाला होता.

साधी, स्वस्त सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली), उदाहरणार्थ रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट, ३०८ मध्ये १५० ग्रेन आणि २०० यार्डांच्या आत पुरे होते. आमच्याकडे सर्वाधिक हरणं हिनंच मेलेली यायची आणि बहुतेकांना दोन भोकं असायची. पैसे वाचवायचे असतील तर इथं वाचवा, नवलाईच्या गोळ्यांत घालू नका.

अखंड तांब्याची गोळी, बार्न्सची टीटीएसएक्स वगैरे, आरपार जाण्यात सगळ्यांच्या पुढे. वजन जवळजवळ कमीच होत नाही. पण तिला वेग लागतो. हरणाला लागताना वेग सेकंदाला २००० फुटांच्या खाली आला की काही गोळ्या नीट उमलत नाहीत आणि पेन्सिलीनं कागद टोचावा तसं भोक पाडून जातात. दोन भोकं असतात, पण दोन्ही सारखी, चिमुकली. तोही माग कोरडाच. म्हणून तांब्यात एक पायरी हलकी घ्या, १६५ च्या जागी १५० किंवा १३० ग्रेन. भावाच्या रायफलीची नळी बघा. २४ इंचाऐवजी १६ इंची असेल तर सेकंदाला दीड-दोनशे फूट तिथंच गेले. मग तांब्यानं ३०० यार्डांवर बार टाकू नका. शिवाय तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. जुन्या, मंद पिळाच्या (आतल्या खाचा सावकाश वळणाऱ्या) नळीतून लांब गोळी इकडे-तिकडे लागते. आधी कागदावर बघून घ्या.

नको असलेल्या: फुल मेटल जॅकेट (टोकासकट आवरणात झाकलेली) अजिबात नाही, ती फुलतच नाही आणि कित्येक राज्यांत शिकारीला बंदही आहे. बॉक्सवर मॅच किंवा टार्गेट असेल तर तो ठेवून द्या. त्या गोळीच्या टोकाला भोक दिसतं म्हणून लोक तिला फुलणारी समजतात, पण ते भोक बनवण्याच्या पद्धतीमुळे असतं. कधी फुटते, कधी सरळ जाते, कधी आडवी होते. व्हार्मिंट लिहिलेली ससा-कोल्ह्यासाठी असते, हरणाच्या फऱ्यावर तिची लाही होते.

एकच बॉक्स घेऊ नका, एकाच लॉटचे दोन घ्या, ४० काडतुसं. स्वस्त गोळीवर रायफल लावायची, म्हणजे नेम जुळवायचा, आणि शिकारीला महाग गोळी घालायची, हा उद्योग दर हंगामात बघितला. वजन आणि बांधणी बदलली की गोळी दुसरीकडे लागते, कधी कधी तीन-चार इंच. ज्या गोळीनं मारणार तिनंच लावा. १०० यार्डांवर दीड-दोन इंच वर लागेल असं लावलं की २०० यार्डांपर्यंत वर-खाली धरायची गरज नाही. यार्ड म्हणजे आपले दोन हात. २०० च्या पुढे पहिल्याच हंगामात जाऊ नका.

नेम: आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेनं सरळ वर, छातीच्या एक तृतीयांश उंचीवर. तोंड पलीकडे करून तिरकं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायावर नेम धरा, गोळी जिथून निघायची ती जागा डोळ्यासमोर आणा. तोंड तुमच्याकडे करून तिरकं असेल तर थांबा. ते वळतंच. मावसभाऊ थांबला नाही.

बार टाकल्यावर लगेच धावू नका. हरीण कुठं उभं होतं ते एखाद्या झाडावरून पक्कं करा आणि स्वतः उभे होता तिथं टोपी ठेवा. मग जागेवर जाऊन केस आणि रक्त बघा. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबून निघा, शंभर यार्डांत सापडेल. काळपट लाल म्हणजे बहुधा काळीज (यकृत), तीन-चार तास द्या. हिरवट, वास येणारं पाणी आणि पोटाचे जाड पांढरे केस म्हणजे पोटात बसली, सहा-आठ तास त्या दिशेला जायचंच नाही. लगेच मागे लागलात तर ते उठतं आणि मैलभर जातं, आणि पोटातून गळणं मध्येच बंद होतं. मार बसताना मागचे पाय झाडले तर छाती, पाठीची कमान करून हळू चालत गेलं तर पोट.

रक्त जमिनीवरच शोधू नका, गवताच्या पात्यांवर गुडघ्याच्या उंचीला बघा. वाटेच्या दोन्ही बाजूंना लागलेलं असेल तर गोळी आरपार गेलीय. मागावर पाय देऊ नका, कडेनं चाला. दर थेंबाला टिश्यूचा तुकडा अडकवा. थेंब संपले की मागे वळून त्या तुकड्यांची रेघ बघा, दिशा कळते. तांबड्या पानांवरचे डाग फसवतात, तिथं हायड्रोजन पेरॉक्साइडची फवारणी करा. रक्त असेल तर फेस येतो.

मांसाचं राहिलं. शिशाची गोळी कपच्या दूरवर उडवते, डोळ्यांना दिसतही नाहीत. जखमेच्या भोवती वीतभर मांस बिनदिक्कत फेका, आणि ते खिम्यात तर मुळीच घालू नका, सगळा खिमा नासतो. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई खाणार असेल तर वरची पसंती विसरा आणि तांब्याचीच घ्या. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही. टेक्सासात चालतं.

हे आधी सांगायला हवं होतं: तुम्ही व्हिजिटर व्हिसावर असाल तर तिकडच्या वैध शिकार परवान्याशिवाय रायफल किंवा काडतूस हातात घेणंही गुन्हा ठरू शकतो. परवाना आधी, सराव नंतर. परतताना जॅकेटचे, बॅगेचे सगळे खिसे उलटे करा. विमानतळावर एक काडतूस सापडलं तरी आर्म्स अ‍ॅक्टखाली अडकाल. आणि रानमालक काळवीट दाखवेल. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर आपण बघतो तेच, १९३० च्या दशकात तिकडे नेलेलं. तिथं त्याची शिकार कायदेशीर आहे, आपल्याकडे ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची एक मध्ये आहे. शिंगं आठवण म्हणून आणाल तर थेट गुन्हा. मारणार असाल तर लक्षात ठेवा, ते व्हाइटटेलहून लहान, छातीत नेम धरायची जागा जेमतेम सहा इंच.

मावसभाऊ आता म्हणतो की चूक रायफलीची होती, २४३ लहान पडली, म्हणून त्यानं ३०० मॅग्नम घेतलीय. गोळी तीच पातळ जॅकेटची, फक्त जाडीला मोठी. ७० यार्डांवर ती आधीपेक्षा जास्त वेगानं हाडावर आदळणार, म्हणजे आधीपेक्षा लवकर फुटणार. वर खांद्याला बसणारा धक्का वेगळा. बार काढायच्या आधीच डोळे मिटतोय तो, व्हिडिओत दिसतं.