सणाचा कार्यक्रम आणि त्यानिमित्त गरजू घरांना मदत, हे पहिल्यांदाच हातात घेतोयस ना, मग हे वाच

स्टेज, लायटिंग, साऊंड हे सगळं नंतर बघ, आधी मदत लागणारी घरं शोध आणि तेही गाजावाजा न करता, शाळेतल्या बाई, आरोग्यसेविका, घरकाम करणाऱ्या ताया यांना बरोबर माहीत असतं कुठे खरंच अडचण आहे, आणि जे स्वतःहून कधीच मागायला येत नाहीत त्यांची नावं यांच्याकडूनच कळतात. यादी फक्त दोघा-तिघांकडे ठेव, ग्रुपवर टाकू नकोस प्लीज.

मग प्रत्येक घराला विचार काय हवंय. आपण ठरवून दिलं की एकाच घरात तीन ब्लँकेट जातात आणि पोरांना चपला नसतात. मुलांचे कपड्यांचे साईज आधीच लिहून घे. खेळणी वगैरे आईबापाच्या हातात गुपचूप दे, पोरांना ते त्यांच्याकडूनच मिळू दे, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

स्टेजवर बोलावून वाटप आणि फोटो तर अजिबात नको. कार्यक्रम सगळ्यांसाठी एकच ठेव, वेगळी रांग नको, सामान दोन-चार दिवस आधी घरपोच. धान्याच्या पाकिटांवरची तारीख बघून घे, लोक जुनं पण देतात. पैशांचा हिशोब रोजच्या रोज लिही, पावत्या जपून ठेव, आणि थोडी रक्कम सण झाल्यावरच्या महिन्यासाठी बाजूला काढ कारण तेव्हा मदत एकदम आटते.