एसएलआर रायफलमधला गॅस पिस्टन नेमकं काय करतो आणि त्याची निगा कशी राखतात?

इशापूरच्या शस्त्र कारखान्यात बनलेली १ए१ एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी) ही बेल्जियन एफएन फाल रायफलच्या घराण्यातली ७.६२ मिमीची रायफल. गोळी सुटताच तिच्यामागचा थोडा गॅस बॅरलच्या छिद्रातून वरच्या सिलिंडरमध्ये शिरतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. पिस्टन थोडंच अंतर जातो, बोल्ट कॅरियरला (चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टला मागेपुढे नेणाऱ्या भागाला) टोला देतो आणि स्वतःच्या स्प्रिंगने परततो. कॅरियर बोल्टचं मागचं टोक उचलून तो मोकळा करतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, परतीला नवं काडतूस चेंबरमध्ये बसतं. ट्रिगर मात्र दर गोळीला दाबावाच लागतो.

साफ करण्याआधी मॅगझिन काढा, मगच चेंबर रिकामा करून नीट तपासा. हा क्रम कधीही उलटा करू नका! पिस्टन आणि सिलिंडरवरचा कार्बन काढून ते कोरडे ठेवायचे; तेल राहिलं तर जळून काजळी धरते. कॅरियरच्या सरकत्या भागांना हलकं तेल हवंच.

पुंगळी अडकू लागली की बरेच जण लगेच गॅस रेग्युलेटर (पिस्टनला किती गॅस मिळेल ते ठरवणारा भाग) आवळून गॅस वाढवतात. माझ्या मते आधी सफाई करावी. विनाकारण गॅस वाढवला की धक्का वाढतो आणि भाग लवकर झिजतात.