तेराव्या वर्षी ईईजीत संथ लहरी

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे. शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली, म्हणून ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढला. अहवालात ‘पोस्टेरियर स्लो वेव्हज ऑफ यूथ’ (डोक्याच्या मागच्या भागातल्या, कोवळ्या वयातल्या संथ लहरी) असं लिहिलंय. मेंदूला काही इजा झाली असेल का? – एक पालक, सातारा

नाही. या लहरी तिच्या वयाला धरूनच आहेत. जागेपणी डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात एक ठळक लय उमटते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ती सेकंदाला ८ आवर्तनांची असते, नवव्या वर्षी ९ आणि पंधराव्या वर्षी साधारण १०. याच अल्फा लयीत मधूनमधून २ ते ४ आवर्तनांच्या संथ लहरी मिसळलेल्या दिसतात. ९ ते १४ या वयात त्या सर्वाधिक आढळतात, विशीनंतर क्वचितच.

अहवालात दोन गोष्टी पाहा. डोळे उघडल्यावर या लहरी अल्फाबरोबरच नाहीशा होतात का? आणि दोन्ही बाजूंना साधारण सारख्या आहेत का? एकाच बाजूला सतत संथपणा असेल, किंवा डोळे उघडूनही तो टिकत असेल, तर तो वेगळा विषय आहे, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. वय न सांगता ईईजी वाचायला देणं म्हणजे निम्मी माहिती दडवणं.

उभ्या-उभ्या भोवळ येण्यामागे बहुधा रक्तदाब उतरणं असतं. ईसीजी काढलेला नसेल तर आधी तो काढा. मात्र सकाळी उठल्यावर हाताला झटके बसून कप-ब्रश हातून उडत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. या वयात सुरू होणाऱ्या एका अपस्माराची ती खूण असते आणि एकदा काढलेला ईईजी स्वच्छ आला म्हणून हा अपस्मार नाकारता येत नाही.

प्रश्न : सोळा वर्षांच्या मुलाची गाढ झोप घड्याळात पूर्वीपेक्षा कमी दिसते. मोबाइलमुळे असेल का?

मनगटावरचं घड्याळ ईईजी काढत नाही. हालचाल आणि नाडीवरून ते अंदाज बांधतं, त्यामुळे त्या आकड्यांवर फार विसंबू नका. पण प्रयोगशाळेत मोजलं तरी गाढ झोपेतल्या डेल्टा, म्हणजे अतिसंथ, लहरींची शक्ती वयाच्या ११ ते १६-१७ या काळात ६० टक्क्यांहून अधिक घटते. मुलींमध्ये ही घट आधी सुरू होते. १९८२ साली झोपेचे संशोधक अर्विन फाइनबर्ग यांनी याचा संबंध चेतापेशींमधले जादा जोड छाटले जाण्याशी लावला. एकाच वेळी लय धरणारे जोड कमी झाले की कवटीवर उमटणारी लहर बुटकी होते. मोबाइलमुळे झोपेचे तास कमी होतात, ही तक्रार खरी. पण ती वेगळी.

प्रश्न : ईईजीच्या आधी काय तयारी करावी?

आदल्या रात्री शाम्पूने केस धुवा. नंतर तेल, कंडिशनर, जेल काहीही नको. तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोड (लहरी टिपणाऱ्या चकत्या) नीट चिकटत नाहीत आणि आलेखात खरखर येते. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. झोपेतला ईईजी सांगितला असेल तर जागरण किती तासांचं, हे केंद्राला विचारा. सकाळचा चहा-कॉफी टाळा. नाश्ता मात्र द्या. तपासणीत तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. या वयात त्याने संथ लहरी वाढतातच, पण पोट रिकामं असेल तर रक्तातली साखर उतरून त्या आणखी फुगतात आणि वाचणाऱ्याची दिशाभूल होऊ शकते.