घुशीसाठी पिंजरा लावताना

पिंजरा आणलात, चांगलं केलंत. पण आज रात्रीच घूस सापडेल ही आशा सोडा. आधी बीळ चालू आहे का ते बघा. आपल्या इंदूरच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात एवढ्या भेगा पडतात की नवखा माणूस प्रत्येक भेगेला बीळ समजतो. घुशीच्या बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मोकळ्या मातीचा ढीग असतो. संध्याकाळी सगळी तोंडं मातीनं बुजवा. सकाळी जे उघडं दिसेल, तिथे मुक्काम आहे. बिळात हात मात्र घालू नका, रिकाम्या बिळात साप राहायला येतो.

घूस नव्या वस्तूला बिचकते. म्हणून पिंजरा भिंतीला लागून, तिच्या वाटेवर ठेवा आणि तीन-चार रात्री दार तारेनं बांधून उघडंच राहू द्या. आत तेल लावलेला पोळीचा तुकडा किंवा भजं. (शेव घालू नका, जाळीतून गळते, आणि इंदूरकरानं शेव वाया घालवावी तरी का?) ती निर्धास्त खाऊ लागली की तार सोडा, आमिष आकड्याला घट्ट अडकवा. पिंजरा दणकट हवा. उंदराच्या पिंजऱ्याची पातळ जाळी ती वाकवते.

विषाच्या गोळ्या घराजवळ नकोच. विष खाल्लेली घूस घुबडानं किंवा मांजरानं खाल्ली तर तेही दगावू शकतात. पिंजरा हाताळताना हातमोजे घाला, घुशीच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होऊ शकतो. एक सापडली म्हणून थांबू नका, बिळं पुन्हा बुजवून बघा.