क्लिंग रॅप हाताला चिकटतो, भांड्याला नाही?

अगं, अन्न झाकायच्या या पातळ प्लास्टिकच्या रॅपचा पहिला रोल सगळ्यांचाच वाया जातो. माझा तर अर्धा हातालाच चिकटला होता. आधी खोका नीट बघ. दोन्ही टोकांना अर्धगोल कापलेली छोटी पाकळी असते (सगळ्या खोक्यांना नसते म्हणा), ती अंगठ्याने आत दाब. मग रोल जागेवर अडकतो, ओढताना बाहेर उडी मारत नाही. फाडताना सरळ वर खेचू नकोस. हवा तेवढा ओढ, खोका घट्ट धर आणि एका कडेपासून दात्यांवर तिरका फाडत ने. टोक हरवलं तर नखाने खरवडत बसू नकोस. सेलोटेपचा तुकडा रोलवर चिकटवून उचल, टोक वर येतं. स्वतःलाच फार चिकटत असेल तर रोल थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेव.

भांड्याची कड कोरडी हवी. आमटीचा एक ओघळ असला तरी रॅप सुटतो. काचेच्या वाडग्याला छान बसतो, प्लास्टिकच्या डब्यावर मात्र रुसल्यासारखा.

मळलेली कणीक असेल तर परातीवर ताणण्यापेक्षा थेट गोळ्यालाच लपेट, वर पापुद्रा धरत नाही. गरम भाजीवर लावू नकोस, वाफेचं पाणी होऊन भाजीतच ठिबकतं. मायक्रोवेव्हमध्ये न्यायचाच तर खोक्यावर तसं लिहिलंय का बघ, एक कोपरा उघडा ठेव, आणि अन्नाला, त्यातही तेलकट-तुपकट पदार्थाला, टेकू देऊ नकोस.

आणि उरलेल्या वरणाला झाकणाचा स्टीलचा डबा घे की, त्याला कशाला रॅप!