म्हातारीचं ‘पॅन’: तवा, कढई की पातेलं?

प्रश्न असा आला आहे: ‘चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या कँटरबरीच्या गोष्टींपैकी फ्रायरने, म्हणजे भिक्षेकरी ख्रिस्ती साधूने, सांगितलेली गोष्ट मराठीत आणतो आहे. तिच्यात एका विधवा म्हातारीचं “पॅन” उचलून न्यायची धमकी आहे. आधी “तवा” लिहिलं, मग खोडून “कढई” केलं. दोन्ही मनाला पटत नाहीत. शिवाय त्या काळच्या स्वयंपाकघरातल्या “केटल”ला किटली म्हटलेलं चालेल का? आणि “पॉसनेट”, “स्किलेट” यांचं काय करायचं?’

उत्तर आधी सांगून टाकतो. पातेलं लिहा. जमलं तर पितळी पातेलं. तवा नको आणि कढईही नको. का, ते जरा सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण भांड्यांची नावं शब्दकोशात पाहून बदलता येत नाहीत. ते भांडं विस्तवावर कसं बसत होतं आणि त्यात काय शिजत होतं, हे आधी डोळ्यांसमोर यायला हवं.

ज्यांनी गोष्ट वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चर्चच्या न्यायालयाची समन्सं बजावणारा एक लाचखोर माणूस सैतानाशी मानलेल्या भावाचं नातं जोडून गावोगाव फिरतो आहे. एका गरीब म्हातारीच्या दारात येऊन तो तिच्यावर खोटा आळ घेतो आणि तो मिटवण्याचे १२ पेन्स मागतो. ही १ शिलिंगची रक्कम म्हणजे त्या काळच्या मजुराची तीन-चार दिवसांची मजुरी. म्हातारीकडे तेवढे पैसे नाहीत. मग हा म्हणतो, तुझं नवं पॅन घेऊन जातो. ती कळवळून शाप देते, की तू पश्चात्ताप केला नाहीस तर सैतान तुला आणि माझ्या पॅनलाही घेऊन जावो. सैतान शेजारीच उभा असतो. तो ऐकतो आणि नेतो.

आता या जागी ‘तवा’ ठेवून पाहा. गोष्टीचा कणाच वाकतो. तवा गेला तर माणूस चार दिवस शेजारणीकडून मागून आणेल. हे पॅन गेलं तर म्हातारीच्या घरातलं बहुधा सर्वांत मोलाचं धातूचं भांडं जातं. आपल्याकडे जप्तीच्या गोष्टींत ‘भांडीकुंडी उचलून नेली’ हे वाक्य ऐकताना पोटात जो गोळा येतो, तोच इथे यायला हवा.

चौदाव्या शतकात इंग्रज माणूस नुसतं ‘पॅन’ म्हणे तेव्हा त्याला आजचं लांब दांड्याचं, उथळ, नॉनस्टिक भांडं अभिप्रेत नसे. तळण्याच्या भांड्याला त्या वेळीही ‘फ्राइंग पॅन’ असं वेगळं विशेषण लावून म्हणत. फिरत्या सळईवर मांस भाजताना खाली टपकणारी चरबी धरायला जे लांबट ताट ठेवत ते ‘ड्रिपिंग पॅन’. विशेषण लावावं लागतं याचाच अर्थ बिनविशेषणाचं पॅन काहीतरी वेगळं, सर्वसाधारण कामाचं होतं: पत्रा ठोकून केलेलं, रुंद तोंडाचं, बऱ्यापैकी मोठं भांडं. दूध तापवायचं, पाणी उकळायचं, घरच्या बिअरसाठी लागणारं पाणी गरम करायचं, ते यात.

त्या काळच्या घरगुती वस्तूंच्या याद्या आणि मृत्युपत्रं बरीचशी लॅटिनमध्ये लिहिलेली आहेत, आणि त्यांत एक जोडी पुन्हा पुन्हा भेटते: ‘ओल्ला एनेआ’ आणि ‘पातेल्ला एनेआ’. म्हणजे ब्रासचा पॉट आणि ब्रासचं पॅन. हा फरक आपल्याकडच्या तांबटाला एका शब्दात कळेल. पॉट ओतीव, पॅन ठोकीव. पॉट साच्यात ओतलेलं, जड, पोट सुटलेलं, बहुधा तीन पायांचं. पॅन पत्र्याचं, हलकं, उघड्या तोंडाचं. ‘ब्रास’ या शब्दाकडे मात्र सावधपणे पाहा. तेव्हाच्या इंग्रजीत तो तांब्याच्या सगळ्याच मिश्रधातूंना लावत. ओतीव पॉट बहुतेक वेळा तांबं, कथील आणि शिसं यांचं असे, म्हणजे आपल्या पितळेपेक्षा काशाच्या जवळचं. गोष्टीत आपण ‘पितळी’ म्हटल्याने बिघडत नाही, इतिहासाच्या लेखात बिघडेल.

‘पातेल्ला’ वाचून तुमचे डोळे चमकले असतील. माझेही पहिल्यांदा चमकले होते. लॅटिन पातेल्ला, मराठी पातेलं, अर्थही तोच! पण हा मोह आवरायला हवा. लॅटिन शब्द ‘पातिना’ म्हणजे पसरट थाळी, याचं लघुरूप आहे, आणि पातिना ग्रीकमधून आलेला. आपलं पातेलं ‘पात्र’च्या कुळातलं मानलं जातं, आणि पात्राचं मूळ संस्कृत ‘पा’ म्हणजे पिणे या धातूत आहे. कोणी म्हणेल, पोर्तुगिजांनी गोव्यात आणला असेल. मग हिंदी पट्ट्यात घरोघरी पतीला-पतीली कशी? उच्चार जुळले म्हणून कूळ जुळत नाही.

याच्या उलट त्या जोडीतला पहिला शब्द पाहा. ‘ओल्ला’ आपल्या कानाला पूर्ण परका. पण भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृत ‘उखा’शी जोडतात. उखा म्हणजे शिजवण्याचं भांडं. यज्ञाच्या वर्णनांत ती भेटते. आणि याच घराण्यात इंग्रजी ‘ओव्हन’ही बसतो. म्हणजे कानाला सारखे लागणारे दोन शब्द परके निघतात, आणि मुळीच न जुळणारे तीन शब्द चुलत भावंडं ठरतात. शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला यापेक्षा मोठा आनंद मी तरी पाहिलेला नाही.

सारख्या ध्वनीचा आणखी एक खड्डा तुमच्या वाटेवर आहे, म्हणून सांगून ठेवतो. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या आचाऱ्यांनी साधारण १३९० च्या सुमारास जो पाककृतींचा संग्रह केला, त्याच्या नावात ‘क्युरी’ हा शब्द आहे. ती आपली करी नव्हे. फ्रेंचमधल्या ‘शिजवणे’ या क्रियापदातून आलेला तो शब्द, अर्थ पाककला. आपली करी तमिळ ‘करि’पासून पोर्तुगिजांमार्फत फार नंतर इंग्रजीत गेली.

पुन्हा पातेल्लाकडे. अर्थाच्या बाजूने एक साम्य मात्र खरं आहे आणि ते मला फार आवडतं. डॉक्टर गुडघ्याच्या पुढच्या गोल हाडाला ‘पटेला’ म्हणतात. तो हाच शब्द: लहान पॅन. आपण त्याच हाडाला ‘गुडघ्याची वाटी’ म्हणतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता त्या हाडात भांडंच पाहिलं. चॉसरच्या इंग्रजीत ‘पॅन’ म्हणजे डोक्याची कवटीही. त्याच्या एका पात्राच्या तोंडी ‘माझ्या पॅनची शपथ’ येते, ती कवटीची शपथ. आणि संस्कृतात ‘कपाल’ म्हणजे भिक्षापात्र, खापर आणि कवटी, तिन्ही. अनुवाद करताना ‘पॅन’ दिसलं की स्वयंपाकघरातच शिरायचं, असं नाही.

आता पायांचा मुद्दा. मला विचाराल तर सगळ्या भांड्यांच्या नावांची किल्ली इथे आहे. आपल्याकडे तीन दगड मांडले की चूल झाली. पाय चुलीला असतात, म्हणून भांड्याला लागत नाहीत. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या साध्या घरात विस्तव जमिनीवरच, खोलीच्या मध्यावर पेटलेला असे. निखाऱ्यांत भांडं उभं राहायचं तर पाय भांड्यालाच हवेत. म्हणून ओतीव पॉटला तीन पाय. चार पाय ओबडधोबड जमिनीवर डुगडुगतात, तीन कधीच डुगडुगत नाहीत. कुंभारांनीही पुढे धातूच्या पॉटची नक्कल करून तीन पायांची मातीची भांडी घडवली.

पत्र्याच्या पॅनला असे पाय नसत. ते साखळीच्या आकड्याला टांगायचं किंवा लोखंडी तिकाटण्यावर ठेवायचं. या तिकाटण्याचं नाव ‘ट्रिवेट’, लॅटिनमधल्या ‘तीन पायांचा’ अशा अर्थाच्या शब्दावरून आलेलं. आपली ‘तिवई’ संस्कृत ‘त्रिपदी’वरून आलेली. इथे ‘तीन’ही एकाच मुळातला आणि ‘पाय’ही एकाच मुळातला. ट्रिवेट आणि तिवई या खऱ्या सख्ख्या मावसबहिणी आहेत, म्हणून अनुवादात ‘लोखंडी तिवई’ लिहायला मुळीच कचरू नका. वाचकाला अर्थ कळेल आणि शब्दही आपल्याच घरात राहील.

केटलला किटली म्हणू नका. किटली हा शब्द मराठीत इंग्रजीतून आला खरा, पण तोपर्यंत इंग्रजी केटलला तोटी फुटली होती आणि तिच्यात चहाचं पाणी उकळत होतं. चॉसरच्या काळी इंग्लंडला चहा ठाऊक नव्हता. तेव्हाची केटल म्हणजे वर कडी असलेलं, उघड्या तोंडाचं, टांगून उकळायचं भांडं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लहान वाडगा. तिच्यासाठी ‘कडीचं पातेलं’ किंवा मोठी असेल तर ‘हंडा’. कॉल्ड्रनलाही हंडाच, तो शब्द लॅटिनमधल्या ‘गरम’ या अर्थाच्या शब्दातून आलेला. चेटकिणींच्या चित्रांनी कॉल्ड्रनला फार बदनाम केलं आहे. वास्तविक त्यात रोजचं ‘पॉटेज’ शिजे: धान्य, कडधान्य, कोबी-कांद्यासारखा भाजीपाला, असेल तर मांसाचा तुकडा. पॉटमध्ये शिजतं ते पॉटेज. पुढे याच शब्दाचं रूप बदलून ‘पॉरिज’ झालं. भांड्याचं नाव पदार्थाला देण्याची ही खोड आपल्यालाही आहे. हॉटेलात ‘एक चिकन हंडी’ मागवतो तेव्हा आपण हंडी खात नाही.

पॉसनेट आणि स्किलेट लवकर आटपतो. पॉसनेट हे जुन्या फ्रेंचमधून आलेलं ‘छोटा पॉट’ या अर्थाचं लघुरूप. तीन पाय, एक लांब दांडा, सॉससारख्या थोडक्या पदार्थासाठी. स्किलेटही जवळपास तसंच; अमेरिकेत त्याचा अर्थ तळण्याचं सपाट भांडं झाला तो पुष्कळ नंतर. दोघांनाही मी ‘दांड्याची पातेली’ म्हणेन. ‘कढलं’ हा शब्द मोहात पाडतो, पण कढलं म्हटलं की मराठी नाकाला फोडणीचा वास येतो, आणि त्या स्वयंपाकघरात मोहरी तडतडत नाही. कढई नको म्हणालो तेही याच कारणाने. कढई संस्कृत ‘कटाह’वरून आलेली, गोल बुडाची, तळणाची. म्हातारीच्या पॅनमध्ये भजी तळत नसत.

तुम्ही विचारलं नाही, पण त्या काळच्या लंडनवर काही वाचताना ‘पॉटर’ हा शब्द भेटला तर लगेच ‘कुंभार’ लिहू नका. लंडनच्या नोंदींमधले पॉटर पुष्कळदा धातूची भांडी ओतणारे कारागीर असतात. १३१६ सालची त्यांची एक तक्रार शहराच्या दप्तरात आहे. काही लोक हलक्या धातूची भांडी ठिकठिकाणांहून विकत घेतात, ती जुनी, वापरलेली दिसावीत म्हणून आधी विस्तवावर ठेवतात, आणि सणावारी लंडनच्या ‘चीप’ नावाच्या बाजारात अजाण गिऱ्हाइकांना विकतात. ती भांडी कडक आचेवर चढली की वितळून जातात. इथे कुंभार लिहिलं तर मातीचं भांडं वितळतं कसं, असा प्रश्न वाचकाला पडेल. ‘ओतारी’ हा आपला अचूक शब्द आहे, तो वापरा. गावोगाव फिरणाऱ्या ‘टिंकर’ला कल्हईवाला करू नका. तो भोकं बुजवणारा, डागडुजी करणारा.

त्या नोंदीतली एक गोष्ट मला लागून राहिली. फसवणारे लोक भांडं नवं भासवत नव्हते, जुनं भासवत होते! जुन्या भांड्याची धातू पारखलेली, आच सोसलेली, म्हणून लोक त्यावर भरवसा ठेवत. आमच्या घरी आजीच्या रुखवतातलं, नाव घातलेलं घंगाळ अजून आहे, आणि त्याच्या धातूविषयी घरात कोणी कधी शंका घेतलेली नाही. इंग्रज घरांतही ओतीव पॉट मृत्युपत्रात नाव घेऊन लेकीसुनांना दिलं जाई.

म्हणूनच गोष्टीतलं एक छोटं विशेषण अनुवादात गाळू नका. म्हातारीचं पॅन ‘नवं’ आहे. पिढीजात मिळालेलं नाही. हातावर पोट असलेल्या बाईने पै-पै साठवून ते घेतलेलं असणार, आणि समन्सवाल्याची नजर नेमकी त्यावर गेली आहे. त्या वाक्यात ‘नवीन पॅन’ लिहिलंत तर दुकानातली वस्तू वाटेल. ‘नवंकोरं पातेलं’ लिहा.