डाएट टिकतच नाही, काय करू?

प्रश्न : ताई, मी दर वेळी जोरात डाएट सुरू करते, गोड बंद, तळलेलं बंद, रात्रीचं जेवणही बंद, आणि थोड्याच दिवसांत सगळं सुटतं नि आधीपेक्षा जास्त खाल्लं जातं. माझ्यातच जिद्द कमी आहे का?

उत्तर : अगं नाही गं, स्वतःला दोष देऊ नकोस. एकदम खूप कमी खाल्लं की भूक वाढवणारं घ्रेलिन हार्मोन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं, म्हणजे शरीरच तुला खायला लावतं, शिवाय अशा क्रॅश डाएटमध्ये चरबीबरोबर स्नायूही जातात, ते मला जास्त काळजीचं वाटतं. त्यापेक्षा आधी ताटात भर घाल. जागतिक आरोग्य संघटना रोज निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते, बटाटा त्यात धरत नाहीत बरं का. अर्धं ताट भाज्या-फळं, पाव ताट डाळी, अंडी असं प्रोटीन, उरलेलं अख्खं धान्य, एवढं जमलं की पोट भरलेलं राहतं आणि गोडाची ओढ बऱ्याचदा आपोआप कमी होते. आवडीचं गोड थोडं खा, चालतं. रात्रीचं जेवण मात्र आजपासूनच परत सुरू कर. डायबिटीसची गोळी चालू असेल तर जेवण अजिबात चुकवू नकोस, बदल करायचे तर आधी डॉक्टरांना विचार.